दारात उभे राहणारे कण

लोणच्याची बरणी आणा बघू इकडे. वरती बोटभर तेल तरंगतंय ना? ते आजीने मुद्दाम ठेवलंय. फोडी तेलाखाली बुडालेल्या राहिल्या की त्यांना हवा लागत नाही, आणि हवा लागली नाही की बुरशीही धरत नाही. तेल हलकं, ते वर येणारच, एवढ्या एका खात्रीवर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या लोणची टिकली. मिसळीवरची तर्री घ्या, रश्श्यावरचा तवंग घ्या, नाहीतर वाटण परतताना आजी म्हणते ते ‘तेल सुटू दे अजून’ घ्या. आपल्या स्वयंपाकाला तेल वेगळं झालेलं चालतं. उलट ते सुटलं नाही तर मसाला कच्चा राहिला म्हणून बोलणी बसतात.

आता फ्रिजमधली ती मेयोनीजची बाटली आणा. हिच्यात तेल कुठाय?

“नाहीच आहे,” धाकटी म्हणाली.

आहे तर! जुन्या फ्रेंच पद्धतीने अंड्याचा बलक फेटून करतात त्या मेयोनीजमध्ये शंभर भागांतले सत्तर-ऐंशी भाग तेल असतं. या बाटलीतलं बिनअंड्याचं आहे, त्यात कमी असेल, पण आहे. महिना झाला आणून, तरी वर थेंबभर तेल आलेलं नाही. ते धरून कुणी ठेवलंय, त्याची ही गोष्ट.

थोरला लगेच म्हणाला, “मिक्सरमधून फिरवलं असेल.” बरोबर, पण ते अर्धंच उत्तर झालं. मिक्सर तेलाचे थेंब बारीक करतो, त्यांना तसं ठेवत नाही. चमचाभर तेल घ्या, पाच मिलिलिटर. ते फोडून एकेक मायक्रॉन व्यासाचे, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे थेंब केले, तर सुमारे साडेनऊ लाख कोटी थेंब होतात. त्या सगळ्यांचा पृष्ठभाग एकत्र मांडला तर तीस चौरस मीटर भरेल, सव्वातीनशे चौरस फूट. चमचाभर तेलाला! आणि पाण्याला तेलाचा शेजार नको असतो. जितका कमी पृष्ठभाग समोर येईल तितका त्याला बरा. म्हणून दोन थेंब एकमेकांना टेकले की त्यांचा एक होतो, दोन मोठ्यांचा आणखी मोठा होतो, आणि मोठा थेंब भराभर वर निघतो. व्यास निम्मा केला तर वर चढायचा वेग चौथ्या हिश्श्यावर येतो, म्हणून बारीक थेंब बरे. पण ते एकमेकांत मिसळू नयेत, याची सोय वेगळी करावी लागते.

बलकातलं लेसिथिन ही एक सोय. त्याच्या रेणूचं एक टोक पाण्यात रमतं, दुसरं तेलात, त्यामुळे तो दोघांच्या हद्दीवर जाऊन बसतो. साबणाचंही तसंच. फक्त हे रेणू फार छोटे. एका जागी ठरत नाहीत, बसतात, उठतात, पाण्यात जातात, परत येतात. दुसरी सोय म्हणजे अख्खा घन कण. रेणू नव्हे, हजारो-लाखो रेणूंचा कण. आज मला त्याच्याबद्दलच सांगायचंय.

सकाळी अंबरनाथच्या फलाटावर येणारी बदलापूर लोकल आठवा. डबा भरलेला असतोच, पण खरी पंचाईत दारातल्या माणसाची. त्याचा एक पाय आत, अर्धं अंग बाहेर, हातात वरचा दांडा. आतल्यांनी ढकललं तरी तो बाहेर पडत नाही, बाहेरच्यांनी रेटलं तरी आत सरकत नाही. आणि तो हटत नाही तोवर डब्यात कुणाचा शिरकाव होत नाही. तेलाच्या थेंबावर बसलेला कण असाच असतो, अर्धा तेलात भिजलेला, अर्धा पाण्यात. अशा कणांनी थेंबाभोवती दाटी केली की दुसरा थेंब येऊन आदळला तरी आतल्या तेलाला तेल भेटत नाही.

“आणि त्याला कुणी ओढून काढलं तर?”

काढणार कोण? पाण्यातली प्रत्येक चीज उष्णतेमुळे सारखी थरथरत असते, तेवढाच काय तो धक्का. वीस नॅनोमीटर व्यासाचा, म्हणजे मायक्रॉनच्या पन्नासाव्या भागाएवढा कण धरा. तो तेल-पाण्याच्या हद्दीवर निम्मा-निम्मा नीट बसला असेल, तर त्याला उपटायला त्या धक्क्याच्या हजारपटीहून जास्त ऊर्जा लागते. व्यास दुप्पट झाला की हा आकडा चौपट होतो. म्हणून लेसिथिनचे रेणू ये-जा करतात, आणि कण एकदा बसला की सहसा उठत नाही. मात्र तो निम्मा-निम्मा भिजला पाहिजे. पाण्याची फारच ओढ असलेला कण सरळ पाण्यात उतरतो, तेलाची ओढ असलेला तेलात बुडतो, आणि दार उघडंच राहतं. पाण्याकडे थोडा जास्त कललेला कण असेल तर पाण्यात तेलाचे थेंब टिकतात, तेलाकडे कललेला असेल तर तेलात पाण्याचे. लोण्यात असं असतं. तिथे पाण्याच्या बारीक थेंबांना स्निग्धाचे स्फटिक सांभाळतात.

ही करामत पहिल्यांदा नीट पाहिली ती वॉल्टर रॅम्सडेन या इंग्रज शास्त्रज्ञाने, 1903 साली. पण नाव लागलं दुसऱ्याचंच. स्पेन्सर पिकरिंग हा रसायनशास्त्रज्ञ वोबर्नच्या प्रायोगिक फळबागेत काम करायचा. झाडांवरच्या किडीसाठी घासलेटासारखं तेल पाण्यात मिसळून फवारायचं होतं, आणि ते काही केल्या एकत्र राहीना. मोरचूद आणि चुना एकत्र केल्यावर जो बारीक निळसर साका तयार होतो, त्याने हे तेल धरून ठेवलं. 1907 साली त्याने ते छापलं, आणि तेव्हापासून कणांनी बांधलेल्या अशा मिश्रणाला पिकरिंग इमल्शन म्हणतात. मोरचूद-चुना म्हणजे आपलं बोर्डो मिश्रण, नाशिककडचे द्राक्षवाले द्राक्षबागेवर मारतात ते. खाण्याशी त्याचा काही संबंध नाही. पोटात जाणाऱ्या पदार्थात हे जमवायचं तर कणही खाण्याजोगा हवा. तो शोध बराच नंतर जोरात सुरू झाला, 2000 सालानंतर.

तुम्हाला आत्ता करून बघायचंय? आजीकडून मोहरी फेसून घ्या. पाट्यावर थोडी वाटायची, पाण्याचा शिपका द्यायचा, पुन्हा रगडायची, ती पांढुरकी फेसाळते आणि नाकात झणका जातो तोवर. झाकणाच्या दोन बाटल्या घ्या. दोन्हीत अर्धी वाटी पाणी आणि दोन चमचे तेल. त्यांतल्या दुसरीत चमचाभर फेसलेली मोहरी. दोन्ही सारख्या हलवा आणि ओट्यावर ठेवा. पहिल्या बाटलीतलं तेल बघता बघता वर गोळा होईल. दुसरीत पिवळट ढग तसाच राहील आणि हळूहळू वर सरकेल. त्यात सगळं श्रेय कणांचं नाही, हेही सांगून ठेवतो. मोहरीच्या टरफलातला चिकट द्राव पाणी घट्ट करतो, प्रथिनंही मदतीला येतात. खाण्याच्या पदार्थात एकच कारण एकटं सापडणं कठीणच.

निसर्गाने मात्र हे काम फार पूर्वीच करून ठेवलंय. दूध घ्या. दुधातलं स्निग्ध तीन-चार मायक्रॉनच्या गोळ्यांत असतं आणि प्रत्येक गोळीला गायीने दिलेलं पातळ आवरण असतं. त्याखेरीज दुधात केसीन नावाच्या प्रथिनाचे कण असतात, मायक्रॉनच्या दहाव्या-पाचव्या भागाएवढे. एकेका कणात हजारो रेणू गुंफलेले आणि त्यांच्या मध्ये कॅल्शियम फॉस्फेटची चिमुकली पुंजकी. वासराची हाडं भराभर वाढायची तर कॅल्शियम भरपूर पाहिजे, आणि तेवढं कॅल्शियम फॉस्फेट नुसत्या पाण्यात घातलं तर खाली खडे बसतील. केसीनने ते असं वाहून न्यायची युक्ती काढली. दूध पांढरं दिसतं तेही या कणांमुळे आणि स्निग्धाच्या गोळ्यांमुळे. साय काढलेलं दूध काचेच्या पेल्यात उन्हात धरा, निळसर झाक दिसते, ती एकट्या केसीनची.

आता पिशवीवर ‘होमोजिनाइज्ड’ लिहिलेलं दूध. ऑगस्त गोलाँ या फ्रेंच माणसाने 1899 साली त्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. दूध प्रचंड दाबाने अरुंद फटीतून जातं, गोळ्या फुटून मायक्रॉनच्या आत येतात. पण मगाशी हिशेब केला तसा, गोळ्या बारीक झाल्या की पृष्ठभाग किती तरी वाढतो. गायीने दिलेलं आवरण पुरत नाही. मग उघड्या पडलेल्या जागी केसीनचे कण जाऊन चिकटतात. कुणी शिकवलं नाही, कुणी वेगळं काही घातलं नाही. रोज सकाळी दारात पडणाऱ्या पिशवीत पिकरिंगचा प्रयोग चालू असतो आणि आपण त्याचा चहा करतो. आजी म्हणते ना, या दुधावर साय धरत नाही, याचं लोणी निघत नाही? तिचं निरीक्षण अगदी रास्त आहे. घुसळताना गोळ्यांमधले स्फटिक एकमेकींच्या आवरणात घुसून त्या जुळतात, म्हणून लोणी येतं. म्हणूनच तर ती उन्हाळ्यात ताकात गार पाणी घालते आणि थंडीत कोमट. स्निग्ध थोडं घट्ट, थोडं पातळ असेल तेव्हाच हे जमतं. केसीनने वेढलेल्या बारीक गोळ्या काही दाद देत नाहीत.

आणि हे कण नुसते दारात उभे राहत नाहीत, पोटातही काही दडवतात. हायफाच्या टेक्नियन संस्थेतल्या योआव लिव्हनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 साली केसीनच्या कणांमध्ये ड जीवनसत्त्व भरून दाखवलं. अतिनील किरणांखाली मोकळं जीवनसत्त्व बिघडतं, कणातलं कमी बिघडलं. दुधाच्या काही पिशव्यांवर निळं ‘+एफ’ चिन्ह असतं, ती अ आणि ड जीवनसत्त्व वरून घातल्याची खूण. दोन्ही तेलात विरघळणारी, पाण्याशी वाकडं असलेली. म्हणून ती दुधात घालणं सोयीचं. हळदीचंही तेच. तिच्यातलं कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पण स्निग्धात विरघळतं आणि केसीनलाही चिकटतं. नुसत्या पाण्यात हळद घालून बघा, तळाशी बसेल. दुधात घाला, कपभर पिवळं होतं. खोकला बरा होतो का ते वैद्यांना विचारा, मी रसायनवाला आहे.

बियांची गोष्ट तर याहून जुनी. हे आपलं शेजारचं उल्हासनगर, फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी कुटुंबांनी वसवलेलं. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारींनी त्याचं हे नाव ठेवलं. तिथे उन्हाळ्यात घरोघरी थाधल करतात. बदाम, खसखस, मगज, मिरे, वेलची असं भिजवून वाटायचं, पाणी घालून फडक्यातून गाळायचं. फडकं पिळलं की खालच्या पातेल्यात दुधासारखं पांढरं पाणी पडतं. दुधाचा थेंब नसला तरी! बी आपलं तेल मायक्रॉनभर थेंबांमध्ये साठवते आणि प्रत्येक थेंबाला प्रथिनाचं अस्तर लावते. ते थेंब एकमेकांत मिसळून चालणार नाही, कारण अंकुराला ते हळूहळू, लागेल तसं फोडून खायचं असतं. आपण वाटून ते मोकळे करतो, इतकंच. हे अस्तर प्रथिनाच्या रेणूंचं, कणांचं नव्हे. पण काम तेच.

आता मला सगळ्यात जास्त मजा वाटते तो भाग. उल्हासनगरच्या एका टोकाला, शहाडला, 1950च्या दशकात उभी राहिलेली सेंच्युरी रेयॉन आहे. तिथे लाकडाच्या लगद्यापासून धागा निघतो. लगदा म्हणजे सेल्युलोज, ग्लुकोजच्या लांबच लांब साखळ्या. तो कॉस्टिक सोड्यात भिजवतात, त्यावर कार्बन डायसल्फाइडची क्रिया करतात, नारिंगी रंगाचा भुगा होतो. तो पातळ सोड्यात विरघळवला की मधासारखं दाट द्रावण मिळतं, ते बारीक भोकांतून गंधकाम्लाच्या टाकीत सोडलं की पुन्हा सेल्युलोज, या खेपेला चकचकीत धाग्याच्या रूपात. ही व्हिस्कोज पद्धत 1892 सालची, इंग्लंडातली.

असाच रेयॉन करणारी अमेरिकन व्हिस्कोज नावाची कंपनी होती. तिथे ऑर्लँडो बॅटिस्टा नावाचा रसायनशास्त्रज्ञ सेल्युलोजच्या साखळ्या आम्लाने तोडून त्यांचा अभ्यास करत होता. सेल्युलोजमध्ये काही भाग घट्ट, शिस्तीत बसलेले असतात आणि काही सैल. आम्ल सैल भाग खातं आणि घट्ट भागाशी येऊन थांबतं. कितीही उकळा, साखळी काही शे ग्लुकोजांच्या खाली फारशी उतरत नाही. 1955 साली त्याने आणि पॅट्रिशिया स्मिथने हा उरलेला गाळ पाण्यात जोरात घुसळला. तो तळाशी बसायला हवा होता. बसला नाही. पांढरी, लोण्यासारखी दाट मलई झाली आणि तशीच राहिली. टायरच्या नि कपड्यांच्या धाग्यामागे लागलेल्या माणसांच्या हाती खाण्याचा पदार्थ लागला.

“लाकूड खायचं?” धाकटीने तोंड वाकडं केलं.

अगं, रोजच खातेस. गवारीत, पालकात, भाकरीच्या कोंड्यात दुसरं काय असतं? आपल्याला ते पचत नाही, जसं येतं तसं पुढे जातं. आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळीची पट्टी बघ, औषध मिलिग्रॅमभर असतं, बाकी अंग बहुधा याच गाळाच्या पुडीचं, ‘मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज’. आइस्क्रीमच्या किंवा केकवरच्या क्रीमच्या डब्यावर आयएनएस 460 असं दिसलं तर तेही बहुधा हेच. ते पाणी दाट करतं, आणि त्याचे बारीक कण तेलाच्या थेंबावर जाऊनही बसतात.

बसून पुढे काय? बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या संशोधकांनी 2012 साली हेच पाहिलं. तेलाचे थेंब सेल्युलोजच्या कणांनी वेढले तर तेल खवट व्हायला वेळ लागतो का? लागला, आणि स्टार्चच्या कणांपेक्षा सेल्युलोजने जास्त सांभाळलं. पण यावरून कणांचं कवच म्हणजे हवाबंद डबा, असं समजू नका. जाहिरातवाले तसं सांगतील. दोन कणांच्या मधल्या फटीतून प्राणवायूचा रेणू आरामात आत जातो, त्याच्या मानाने ती फट म्हणजे मैदानच. फायदा होतो तो कवचाच्या जाडीमुळे आणि कणाच्या अंगी तेल बिघडवणाऱ्या घटकांना पकडायचा गुण असला तर. तसा गुण नसलेला कण थेंब सांभाळेल, तेल नाही सांभाळणार. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची सरमिसळ फार होते.

पोटात गेल्यावर आणखी एक गंमत. साध्या इमल्शनमधले लेसिथिनसारखे रेणू आतड्यातलं पित्त सहज बाजूला सारतं, मग पाचकरस तेलावर तुटून पडतात. कणांना हलवणं पित्ताला तितकं सोपं जात नाही, त्यामुळे तेल हळूहळू पचतं. काही जीवनसत्त्वं आतड्यात खोलवर पोहोचवायची असतील तर हे हवंच असतं. कण स्टार्चचा असेल तर मात्र लाळ आणि स्वादुपिंडाचा रस तो फोडतात. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात किनोवाच्या स्टार्चवर हे काम झालं. किनोवाचा दाणा त्यांनी का निवडला? कारण त्याचे स्टार्चकण एक-दोन-तीन मायक्रॉनचे, बटाट्याचे शंभरापर्यंत जातात. मोठा कण थेंबावर काय बसणार! स्टार्चला पाण्याची ओढ जास्त, म्हणून त्याला थोडं तेलाकडे झुकवायला खाद्यपदार्थात चालणारी एक रासायनिक प्रक्रिया करतात. मग थेंब तयार झाल्यावर हलकं गरम करतात. कण फुगून एकमेकांना चिकटतात आणि फटी बऱ्याच बुजतात.

किनोवा महागडा आणि परदेशी. पण त्याच कुळातलं धान्य आपल्या डब्यात आहे, राजगिरा. त्याचेही स्टार्चकण मायक्रॉन-दोन मायक्रॉनचे, धान्यांतल्या सगळ्यात बारीक कणांपैकी. उपवासाचे लाडू-चिक्की सोडून त्याचं फारसं कुणी काही करत नाही. माझं वय असतं आणि अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतली माझी ती जुनी प्रयोगशाळा हाताशी असती, तर मी पहिला हात राजगिऱ्यालाच घातला असता. थोरल्या, तू बारावीनंतर रसायनशास्त्र घेतलंस तर लक्षात ठेव.

आणि जवस. विदर्भातलं पीक, चटणी आपण आवडीने खातो. त्याच्या तेलात निम्म्याहून जास्त ओमेगा-3 असतं, म्हणून त्याला इतका मान, आणि म्हणूनच ते इतक्या लवकर खवट होतं, कारण प्राणवायू नेमका त्याच रेणूंवर टपलेला असतो. कारखान्याला हे तेल बिस्किटात, दुधात, पावडरीत घालून सहा महिने दुकानात ठेवायचंय, त्याला कण लागणार, कवच लागणार, त्यावर संशोधनही लागणार. तुमच्या आईने परवा आणलंय ते मात्र त्या खिडकीतल्या पारदर्शक बाटलीतून काढा. काळ्या बाटलीत भरा, गच्च बूच लावा आणि फ्रिजमध्ये ठेवा. पुढच्या वेळी लहान बाटली आणा, पंधरा दिवसांत संपेल एवढीच.